सेवेची किंमत लेकरांनी का मोजावी?

*ताई, जय ख्रिस्त.*

*आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. चार वर्षांपूर्वी आमच्या मिशन बोर्डाने आम्हाला आफ्रिकेतल्या मलावी देशात पाठवलं. झोंबा शहराजवळ राहतो. हे बायबल शाळेत शिकवतात आणि आठवड्यातले चार-पाच दिवस मोटरसायकलवर खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांकडे असतात. मी नर्स आहे, पण इथे आल्यापासून घरीच. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीचची. तिचा जन्म इथलाच. या पावसाळ्यात मुलाला दोनदा मलेरिया झाला. दिवसभर तो शेजारच्या पोरांत चिचेवा बोलतो. आजीशी फोनवर मराठीत बोलायचं म्हटलं की पळून जातो, मग सासूबाई रडतात. गेल्या महिन्यात त्याने ह्यांच्या मोटरसायकलची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. आम्ही घरभर शोधली. सापडल्यावर म्हणाला, ‘देवाला सांग ना, पप्पांना सुट्टी दे.’ हे हसले, मला रडू आलं.*

*बोर्ड म्हणतं, पुढच्या सप्टेंबरपासून त्याला दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत घाला. सासूबाई म्हणतात, नगरला आमच्याकडे ठेवा. जुन्या काळच्या मिशनरी बायकांनी किती सोसलं, तू एवढ्यात थकलीस? मला रोज वाटतं, बॅगा भरून परत यावं. माझा विश्वास कमी पडतोय का?*

*— एक आई, मलावी*

जय ख्रिस्त.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळ्याच्या मुळाशी तोच आहे. नाही, तुझा विश्वास कमी पडत नाहीये. पदरात दोन लहान लेकरं, भोवती परकी भाषा, तापाने फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन काढलेल्या रात्री आणि सोबतीला कोणी नाही. कोणतीही बाई थकेल. एलीयासारखा संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता पुरे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं आणि उठवून पुन्हा खाऊ घातलं. तुला आत्ता झोप हवी आहे आणि घरात दुसरं मोठं माणूस हवं आहे. हे मागताना लाज वाटून घेऊ नकोस.

आता तुझ्या सासूबाईंचं म्हणणं. जुन्या मिशनरी बायकांनी सोसलं, हे अगदी खरं. पण काय सोसलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे आपल्या मंडळ्यांमध्ये कोणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्लंडहून भारतात आलेले मिशनरी विल्यम कॅरी आपल्याला माहीत आहेत. १८०५ साली श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, छापखान्यातून त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं. आपल्या भाषेवर या माणसाचे उपकार आहेत. त्यांची पत्नी डोरोथी. १७९३ साली भारतात यायला तिने आधी साफ नकार दिला होता. पोटात बाळ होतं. पुढे जहाज लांबलं, तोवर बाळंतपण झालं, नवऱ्याने आणि त्याच्या सोबत्याने गळ घातली, आणि ‘माझी बहीण बरोबर येणार असेल तर येते’ अशी अट घालून ती चार मुलांसह निघाली. दुसऱ्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्यातून ती सावरलीच नाही. मनाचा तोल गेला, पुढे तिला खोलीत बंद ठेवावं लागे. इकडे कॅरी भाषांतराला बसलेले असत आणि पलीकडच्या खोलीत ती. १८०७ साली ती गेली. ज्या वर्षी आपलं व्याकरण छापलं गेलं, त्या वर्षीही ती त्या स्थितीतच होती. तिने सोसलं म्हणून तिचा आदर्श ठेवायचा, की तिच्या सोसण्याकडे कोणी वेळेवर पाहिलं नाही म्हणून आपण शहाणं व्हायचं? मला विचारशील तर दुसरं.

आणि तुम्ही राहता त्या मुलखाशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, तो स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन. तुमच्या जवळचं ब्लँटायर शहर त्याच्याच जन्मगावाच्या नावावरून वसलं. त्याची बायको मेरी ही मिशनरी मोफट घराण्यातली लेक, आफ्रिकेतच जन्मलेली. म्हणजे सोसायची सवय असलेली. तो तिला आणि लहान मुलांना घेऊन वाळवंटातून प्रवास करायचा. मुलं तापाने आजारी पडली. १८५० मध्ये त्यांची तान्ही मुलगी दगावली. एक बाळ गमावलं, बाकीची कशीबशी वाचली, तरी पुन्हा निघालास, असं त्याच्या सासूने संतापून त्याला पत्रात लिहिलं. १८५२ मध्ये त्याने मेरीला चार मुलांसह केपटाउनहून इंग्लंडच्या बोटीत बसवून दिलं. पुढची भेट १८५६ च्या डिसेंबरात. मधली वर्षं तिने पैशाच्या ओढाताणीत, या घरातून त्या घरात, अतिशय एकटेपणात काढली. शेवटी मुलांना मागे ठेवून ती पुन्हा नवऱ्याकडे आली आणि १८६२ मध्ये झांबेझीच्या काठी शुपांग्याला तापाने वारली. थोरला मुलगा रॉबर्ट दुसऱ्याच नावाने अमेरिकेच्या यादवी युद्धात भरती झाला आणि कैदेत मेला.

याच लिव्हिंग्स्टनने पुढे लिहून ठेवलं आहे की मला एका गोष्टीची खंत वाटते: लोकांना शिकवणं हे जसं कर्तव्य मानलं, तसं माझ्या मुलांशी खेळणंही मानायला हवं होतं. दिवसभर राबून रात्री थकून जायचो, आणि आता खेळायला मुलंच उरली नाहीत. हे तुझ्या मिस्टरांना वाचून दाखव. माझ्या नावाने नको, लिव्हिंग्स्टनच्या नावाने दाखव. तो मिशनरी होता, आळशी नव्हता, देवावर त्याचा भरवसा होता, आणि तरी त्याला हे कळायला उशीर झाला.

कोणी म्हणेल, ताई सेवेच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. नगर-मिरजेच्या मिशन आवारांनी आपल्या समाजाला शाळा दिल्या, दवाखाने दिले, आणि त्यासाठी कोणीतरी आपलं घर सोडून समुद्र ओलांडला होता. आता आपली माणसं बाहेर जाऊन देतात, याचा मला अभिमान आहे. माझं म्हणणं एवढंच, की पाचारण तुमच्या मिस्टरांना झालं तेव्हा ते बायको-मुलांचे धनी होते, हे देवाला ठाऊक होतं. पौलाने तीमथ्याला लिहिताना मंडळीच्या अध्यक्षाची पारख कुठे करायला सांगितली? त्याच्या घरात. आणि घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल त्याच पत्रात किती कडक शब्द आहेत, ते तुम्ही दोघं माझ्यापेक्षा चांगलं जाणता. घर सांभाळणं हा सेवेचाच भाग आहे. सेवा उरकून वेळ उरला तर करायचं काम नव्हे ते.

आता त्या किल्लीबद्दल. तुम्ही तिला खोडी समजून सोडून देऊ नका. सहा वर्षांच्या मुलाने नीट विचार करून केलेली ती कृती आहे. पप्पा जातात ते गाडीवर. गाडी चालते किल्लीने. किल्ली नसेल तर पप्पा राहतील. आणि पीठ हे घरात रोज लागणारं. म्हणजे किल्ली सापडावी असंही कुठेतरी त्याच्या मनात असणार. त्याचं वाक्यही पुन्हा वाच. पप्पांना नेणारा देव आहे, असं त्याला वाटतंय. ‘पप्पा देवाच्या कामाला गेलेत’ हे आपण किती सहज बोलतो! त्या मुलाच्या कानाला ते ‘देवाने पप्पांना नेलं’ असं ऐकू येतं. पुढे मोठेपणी अशी मुलं देवावर राग धरतात आणि आईबापांना कळत नाही की कुठे चुकलं. तेव्हा आजपासून बोलणं बदला. ‘पप्पा अमुक गावी शिकवायला गेलेत, दोन रात्रींनी येतील.’ बस.

दोन रात्री मी मुद्दाम लिहिल्या. चार-पाच दिवस सलग बाहेर राहणं बंद करायला हवं, निदान धाकटी शाळेत जाईपर्यंत. तुझे मिस्टर म्हणतील, गावं लांब आहेत, डिझेल-पेट्रोलचा खर्च आहे, एकदा निघालं की चार मंडळ्या करून यावं लागतं. हे मला समजतं. मग चार मंडळ्यांच्या दोन करा आणि बाकी दोन ठिकाणी बायबल शाळेतले शिकणारे पाठवा. शिकवतोय कशासाठी आपण त्यांना? स्थानिक माणूस उभा राहिला की परदेशी मिशनऱ्याचं काम कमी व्हायला हवं, हेच तर उद्दिष्ट.

जाण्यापूर्वी कागदाच्या पट्ट्या कापून भिंतीला लावा, जितक्या रात्री तितक्या पट्ट्या. रोज झोपताना मुलाने एक काढायची. जिथे फोन लागतो तिथून मुलं झोपायच्या आधी फोन. आणि परत आल्यावरचा पहिला तास मुलांचा. गाडी धुणं नंतर, बोर्डाला अहवाल नंतर, दारात येऊन बसलेले लोकही थोडे थांबतील. मलावीचे लोक पाहुण्याचा आणि लेकराचा मान राखणारे आहेत. ‘मुलासोबत बसलोय’ म्हटलं तर कोणालाही राग येणार नाही.

वसतिगृहाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सात वर्षांच्या मुलाला पाठवू नका. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृहाच्या शाळा काढायची परंपरा जुनी आहे. आपल्याकडे मसुरीची वुडस्टॉक १८५४ पासून, कोडाईकनालची शाळा १९०१ पासून, केनियात किजाब्याची १९०६ पासून. तिथून चांगली, कर्तबगार मुलं बाहेर पडली. पण फार लहान वयात घरापासून तुटलेल्या कित्येकांनी म्हातारपणी सांगितलं आहे की रात्री उशीत तोंड खुपसून रडायचो आणि पत्रात ‘मी मजेत आहे’ लिहायचो, कारण आईबापांच्या सेवेत अडथळा नको. याहून वाईटही घडलं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातल्या एका मिशन वसतिगृहात मुलांवर झालेले अत्याचार अनेक वर्षं दडून राहिले. मोठी झालेली मुलं बोलली तेव्हा स्वतंत्र चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९९८ मध्ये त्याचा अहवाल आला. प्रत्येक शाळा अशी असते असं मी म्हणत नाही. पण सहा-सात वर्षांचं मूल स्वतःवर बेतलेलं नीट सांगू शकत नाही, आणि आईबाप शंभर मैलांवर असतील तर सांगणार कोणाला?

नगरला आजी-आजोबांकडे ठेवणं वसतिगृहापेक्षा बरं, पण तेही आत्ता नको. तुझ्या सासूबाईंचं प्रेम खरं आहे. त्यांना सांग, दर वर्षी सुट्टीत नातू तुमच्याकडे राहील, अंगणात झोपेल, तुमच्या हातची भाकरी खाईल. पण बाप दूर जातो म्हणून किल्ली लपवणारं मूल आई-बाप दोघांपासून तोडलं, तर ते काय समजेल? झोंब्यात किंवा ब्लँटायरला दिवसाची चांगली शाळा मिळाली तर ती घ्या. ब्लँटायर फार तर सत्तर किलोमीटर. घर तिकडे हलवावं लागलं तरी चालेल. मग फिरती तुझ्या मिस्टरांनी करावी, मुलाने नव्हे. अकरा-बारा वर्षांचा झाला की त्याला समोर बसवून विचारा. तेव्हाचा निर्णय वेगळा असू शकतो.

चिचेवाची काळजी सोड. शेजारच्या घरी जाऊन गुडघे टेकून म्हाताऱ्यांना ‘मुली ब्वांजी’ (कसे आहात?) विचारणारं लेकरू तुझं आहे, याचा आनंद मान. तुमच्या दोघांच्या चार वर्षांच्या अभ्यासाला जमलं नाही ते त्याला खेळता खेळता जमलं. मराठी घरात तुम्ही बोलत राहा. तो चिचेवात उत्तर देईल, देऊ दे. कानावर पडलेली भाषा आत मुरते.

फोनवर मात्र ‘बोल ना आजीशी, बोलून दाखव’ हे अजिबात नको. मूल त्याने कोंडतं. त्याऐवजी त्याला काहीतरी करायला दे. तुमच्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा नगरला साडेसात झालेले असतात, आजी चुलीपाशी असतात. आजीने भाकरी थापावी, तुझ्या लेकाने पातेल्यात मक्याच्या पिठाची न्सिमा घोटून दाखवावी. आजी विचारेल, ‘अरे, गुठळ्या झाल्या का?’ आणि तो उत्तर देईल, कारण आता त्याला सांगायचं काहीतरी असेल. तळ्यातली ती बारीक सुकी मासळी, उसिपा, त्याला आवडते असं तू लिहिलं नाहीस, पण तिथल्या मुलांना आवडतेच. आजीला सुकट आठवेल. वाचनासाठी बालभारतीची पहिलीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. रोज अर्धं पान, त्याहून जास्त नको.

मलेरियाचं तू नर्स आहेस, मी काय सांगू. तरी दोन गोष्टी. तिकडच्या काही जिल्ह्यांत २०१९ पासून बाळांना मलेरियाची लस देऊ लागले आहेत. तुमच्या भागात मिळते का आणि धाकटीचं वय त्यात बसतं का, याची आरोग्य केंद्रात चौकशी कर. दुसरी, सुट्टीवर नगरला आल्यावर मुलांना ताप आला, मग तो दीड-दोन महिन्यांनी का असेना, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांग: ‘आम्ही आफ्रिकेतून आलोय, त्याच दिवशी रक्त तपासा.’ साधा ताप म्हणून दोन दिवस गेले तर तिकडचा मलेरिया मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

धाकटीचा जन्म तिकडचा आहे, म्हणून हेही विचारते: लिलाँग्वेच्या भारतीय उच्चायुक्तालयात तिच्या जन्माची नोंद केलीत ना? परदेशात जन्मलेल्या भारतीय मुलाची नोंद वर्षाच्या आत व्हावी लागते. नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि खेटे घालावे लागतात. राहिलं असेल तर या महिन्यात कामाला लागा.

एक गोष्ट तू सहज लिहिली नसशील, पण सेवक कुटुंबांच्या बाबतीत ती जवळजवळ नेहमी असते, म्हणून विचारते. तुमच्या प्रार्थनापत्रात मुलाच्या मलेरियाचं लिहिलं होतं का? सलाईन लावलेला फोटो? तो मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवरून फिरला का? प्रार्थनेची विनंती करावी, फोटोची गरज नाही. उद्या हाच मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा अनोळखी मावश्या त्याला ‘तुलाच ना तो ताप आलेला?’ म्हणून गालगुच्चे घेतील. आणि मंडळीत उभं करून ‘आता चिचेवात गाणं म्हण’ हेही नको. पैसा गोळा करण्यासाठी मुलांना व्यासपीठावर आणणं मला पटत नाही, ते कितीही प्रेमाने केलेलं असो. त्याला स्वतःहून गायचं असेल तर गाऊ दे.

आता तुझ्याबद्दल. नर्सिंगचं शिक्षण घेतलेली बाई चार वर्षं चार भिंतींत आहे, आणि तुझ्या पत्रात त्याला अर्धीच ओळ मिळाली. तिकडच्या नोंदणीचे नियम काय आहेत ते बघ. परवाना मिळेपर्यंत आठवड्यातून दोन सकाळी शेजारच्या आयांना ओआरएस कसं द्यायचं, मच्छरदाणी कशी बांधायची, हे दाखवायला कोणाची हरकत असणार नाही. त्या सकाळी मुलं तुझे मिस्टर सांभाळतील. हो, तेच. आणि महिन्यातून एकदा ब्लँटायरजवळ लिंब्याला जा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गुजराती व्यापाऱ्यांच्या दुकानांत तूरडाळ, पोहे, बेसन मिळतं. घरच्या चवीचं वरण-भात खाल्ल्याने समर्पण कमी होत नाही. तिथल्या मंडळीतली एखादी मलावी आई, तुझ्याच वयाची, जवळ कर. मनातलं सांगायला माणूस हवं, आणि ते प्रत्येक वेळी नवराच असेल असं नाही.

परत यायचं का? आत्ता ठरवू नकोस. थकव्यात घेतलेला निर्णय मग वर्षानुवर्षं टोचतो. आधी बोर्डाला पत्र लिहा, दोघांच्या सह्यांचं. त्यात रडगाणं नको, मागण्या लिहा: सलग दोन रात्रींहून जास्त फिरती नाही, वसतिगृहाच्या फीइतकीच रक्कम दिवसाच्या शाळेसाठी, मुलांना गंभीर आजार झाला तर ब्लँटायरला किंवा देशाबाहेर नेण्याचा खर्च उचलणारा विमा, बोर्डाच्या मुलांच्या सुरक्षेच्या नियमांची लेखी प्रत, आणि वर्षातून एकदा, कामाचा हिशेब न मागता, फक्त कुटुंबाची विचारपूस करायला येणारं कोणीतरी. उत्तराला सहा महिने द्या. बोर्डाने यातलं काहीच मानलं नाही, तर चौघं मिळून परत या. तेव्हा तुम्हाला कोणी पळून आलात म्हणालं, तर माझं नाव सांगा.

पत्राचा मसुदा आधी मिस्टरांसोबत बसून करा, मुलं झोपल्यावर. तुमच्याकडे पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो आणि मग रस्ते, डास, ताप सगळंच वाढतं. त्याआधी ते बोर्डाच्या हातात पडू दे. हवं असेल तर मसुदा मला पाठव, वाचून परत करते.

तुझी,
ताई